किमया, केमिस्ट्री आणि आमचं केम

नववीच्या वर्गात एका मुलानं विचारलं, “सर, केमिस्ट्री हा शब्द आपल्या केमवरून आला का हो?” वर्ग खदखदून हसला. मी भाषेचा शिक्षक, विज्ञानाचा नाही. पण प्रश्न शब्दाचा होता, म्हणजे माझाच होता.

उत्तर ‘नाही’ असंच. तरी प्रश्न अगदीच वेडा नव्हता. करमाळा तालुक्यातलं आमचं केम हे कुंकवाचं गाव. हळदीला चुना भेटला की ती लाल होते, वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. ही केमिस्ट्री आमच्या आज्यांना तो शब्द न ऐकताच ठाऊक होती.

इंग्रजी शब्दाचं मूळ अरबी ‘अल-कीमिया’त आहे. अल्कोहोल, अल्जिब्रा, अल्कली यांतला ‘अल’ तोच. अरबांनी ‘कीमिया’ ग्रीकांकडून घेतला. ग्रीकांकडे तो कुठून आला, यावर पंडितांचं एकमत नाही. कोणी इजिप्तच्या ‘काळी भूमी’ या जुन्या नावाकडे बोट दाखवतात, कोणी धातू ओतण्याच्या ग्रीक शब्दाकडे. ११४४ साली रॉबर्ट ऑफ चेस्टर या इंग्रजानं एक अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये आणला आणि युरोपला ही विद्या कळू लागली. पुढे ‘अल’ गळून पडला. १६६१ मध्ये रॉबर्ट बॉइलनं पुस्तक लिहिलं ‘द स्केप्टिकल किमिस्ट’. गंमत म्हणजे हलक्या धातूचं सोनं होतं, यावर खुद्द बॉइलचाही विश्वास होता!

आज तोच शब्द कुठे कुठे फिरतो पाहा. केमिस्ट म्हणजे औषधाचं दुकान. नट-नटीची ‘केमिस्ट्री’ जुळते. मुन्नाभाईच्या डोक्यात ‘केमिकल लोचा’ होतो.

पण हा शब्द इंग्रज येण्याआधीच दुसऱ्या वाटेनं, फारसीतून, मराठीत येऊन बसला होता. किमया! उर्दू शाळेत रसायनशास्त्राला आजही ‘कीमिया’ म्हणतात. मराठीत मात्र त्याचा अर्थ अजब करामत असा झाला. माधव आचवलांच्या गाजलेल्या पुस्तकाचं नावही ‘किमया’च.

हे सगळं शोधायला मी बसलो त्यामागे एक जुनी गोष्ट आहे. काही वर्षांपूर्वी मराठी भाषा दिनाला माझ्या एका विद्यार्थिनीच्या भाषणात ‘शब्दांची किमया’ असं होतं. कार्यक्रमाआधी एक सहकारी म्हणाले, “हा तुमचा शब्द आहे. आज शुद्ध मराठी हवी.” पोरीनं घाईघाईनं किमया खोडून ‘जादू’ लिहिलं. सहकारी खूश झाले. जादू हा शब्दही फारसीच, पण मी काही बोललो नाही. शब्द बदलल्याचं वाईट वाटलं नाही, ‘तुमचा’ हे मात्र लागलं. घरी आम्ही पाणी, भाकरी, किमया सगळं एकाच तोंडानं बोलतो. त्यातलं कुठलं माझं नि कुठलं त्यांचं, हे मला अजून वेगळं काढता आलेलं नाही. पोरीच्या देखत तेवढं तरी बोलायला हवं होतं.

परवा त्या नववीतल्या मुलाला फळ्यावर सगळा प्रवास काढून दाखवला. तो म्हणाला, “मग सर, परीक्षेत केमिस्ट्रीऐवजी किमया लिहिलं तर मार्क मिळतील?”

विज्ञानाच्या सरांना विचार, म्हटलं.