पिस्टनवरचे ओरखडे

स्कूटरचा इतिहास सांगायचा म्हटलं, की बहुतेक लोक दूरदर्शनवरच्या जाहिरातीपासून सुरुवात करतात. त्यात वावगं काही नाही. पण माझं उभं आयुष्य ठाण्याच्या माजिवडा नाक्यावर स्कूटरी खोलण्यात गेलं. त्यामुळे मला तो इतिहास दिसतो पिस्टनवर. मुठीत मावेल एवढं ॲल्युमिनियमचं हे भांडं, पण त्याच्या अंगावर गाडीचंच नव्हे, तर मालकाचं आणि काळाचंही वर्तन उमटलेलं असतं.

इटलीत १९४६ मध्ये पिआज्जिओ कंपनीने व्हेस्पा काढली. तिचा आराखडा करणारे कोराडिनो दास्कानिओ मूळचे विमानांचे अभियंते. १९४८ पासून बजाज मंडळी ती आपल्याकडे आणू लागली, १९६० मध्ये इथे बनवण्याचा करार झाला. तो १९७१ मध्ये संपला आणि पुढच्याच वर्षी 'चेतक' आली. आमच्या शेजारी भांडुपला लँब्रेटा होती, साताऱ्याची 'प्रिया' होती. पण मिळायची कुठली? नंबर लावला की वर्षानुवर्षं थांबायचं. लग्नात नोंदवलेली स्कूटर मुलगी शाळेत जायला लागली तरी यायची नाही. त्यामुळे गाडी विकून दुसरी घेऊ, हा विचारच कुणाला शिवत नसे. इंजिन बसलं, की बिघाडाचं कारण शोधावंच लागे. कारण न शोधता नुसता पिस्टन बदलला, तर दोन महिन्यांत गाडी परत दारात. आणि रिबोअर तरी किती वेळा करणार? दर खेपेला सिलिंडर रुंद होतो, शेवटी त्या मापाचा पिस्टनच मिळत नाही.

आता मंडळी, हे इंजिन टू-स्ट्रोक. चारचाकीसारखं तेलाचं वेगळं भांडं पिस्टनच्या वाट्याला नाही. पेट्रोलमध्ये जे तेल मिसळाल, तेवढंच त्याचं वंगण. व्हेस्पाच्या नव्या पद्धतीच्या इंजिनाला दोन टक्के, म्हणजे लिटरला वीस मिलिलिटर. त्याआधीच्या इंजिनांना याहून बरंच जास्त लागायचं. त्यात सिलिंडर बिडाचा आणि पिस्टन ॲल्युमिनियमचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. दोघांमधली फट केसाएवढी. ती भरली, की पिस्टन धरतो आणि मागचं चाक जागच्या जागी अडकतं. क्लच दाबण्याचं भान राहिलं तर ठीक, नाहीतर माणूस रस्त्यावर.

माजिवडा म्हणजे घोडबंदर रोड, मुंबईकडून येणारा हमरस्ता आणि नाशिकचा आग्रा रोड यांचा सांधा. कसारा घाट करून आलेल्या स्कूटरी माझ्याकडे येत. वाटेत बंद पडलेली गाडी अर्ध्या तासाने थंड होऊन पुन्हा सुरू होते, तशी खडखडत नाक्यापर्यंत पोचायची. मालक म्हणायचा, "घाटात धरलं." मी विचारायचो, "चढताना की उतरताना?" लोकांना हा प्रश्न चमत्कारिक वाटे. पण चढताना, दोघं-तिघं बसलेली, दुसऱ्या गिअरमध्ये रखडत गेलेली गाडी तापते. तिच्या पिस्टनवर पिनेच्या दोन्ही अंगांना चार ठिकाणी ओरखडे पडतात. उतरताना गोष्ट उलटी. पेट्रोल वाचवायला माणूस मूठ पूर्ण बंद करतो, गाडी गिअरमध्येच असते, इंजिन जोरात फिरत राहतं. पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद. घाटाखाली मूठ पिळली, की धरलंच. त्याचे ओरखडे सगळ्या अंगभर, सायलेन्सरच्या बाजूला जास्त. उतारावर मधूनमधून मूठ पिळा, हे मी शेकडो लोकांना सांगितलं असेल.

हेड खोलण्याआधीच निम्मं कळतं. गार इंजिनाची टकटक गरम झाल्यावर कमी होत असेल, तर पिस्टन ढिला झालाय. प्लगवर चंदेरी कण दिसले, तर ते पिस्टनचंच ॲल्युमिनियम. सायलेन्सर उतरवून भोकातून पाहिलं, तर ओरखडेही दिसतात. मधोमध भोक पडलं असेल, तर आधी टायमिंग आणि प्लग तपासा.

आणखी एक खूण होती, ती मात्र घाटाची नव्हे. पिस्टनच्या माथ्याची कड उंदराने कुरतडल्यासारखी व्हायची. पेट्रोलमध्ये रॉकेल असलं, की इंजिन ठोके देतं आणि कड अशी खाल्ली जाते. मालक बिचारा तेलाचं माप काटेकोर ठेवणारा, त्याला काय सांगणार? रेशनचं रॉकेल स्वस्त, पेट्रोल महाग, मधल्या फरकावर कितीतरी जण पोसले जात. त्या धंद्याची किंमत पिस्टनपुरती नव्हती. नाशिक जिल्ह्यात मनमाडजवळ २५ जानेवारी २०११ रोजी भेसळीच्या अड्ड्यावर गेलेले मालेगावचे अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जाळून मारण्यात आलं. ती बातमी वाचली त्या दिवशी मी जुन्या पिस्टनांचं खोकं काढून बराच वेळ बसलो होतो.

२००९ मध्ये बजाजने स्कूटरी बनवणं थांबवलं. २०२० पासून रस्त्यावर असलेली नवी चेतक विजेवर चालते, तिला पिस्टनच नाही. तरी आजोबांची गाडी घेऊन नातू येतात. अशाच एका 'प्रिया'चे दोन नवे पिस्टन वर्षभरात गेले होते, दोन्ही सायलेन्सरच्या बाजूने वितळलेले. तेल बरोबर, जेट बरोबर, टायमिंगही बरोबर. गाडी पंधरा वर्षं जिन्याखाली उभी होती म्हणे. मग मी पंख्याच्या बाजूचं क्रँकचं ऑईल सील काढलं. रबर वाळून बांगडीसारखं कडक झालेलं. तिथून हवा आत शिरायची, मिश्रण पातळ व्हायचं आणि पिस्टन जळायचा. सील बदललं. मुलगा जुने दोन्ही पिस्टन टाकून जायला निघाला होता, ते मी मागून घेतले. आता खोक्यात आहेत.