मानमोडी, लोहमार्ग आणि एक शांत खेळ

गेला आठवडा दिवसा साथींच्या इतिहासावरची पुस्तके वाचण्यात आणि रात्री मोबाइलवर 'मिनी मेट्रो' खेळण्यात गेला. या दोहोंचा परस्परांशी काही संबंध असेल असे सोमवारी वाटले नव्हते. गुरुवारी तो आमच्या गोंदिया जंक्शनवर सापडला. आजचा धागा त्याविषयी.

आधी खेळ. न्यूझीलंडच्या 'डायनॉसॉर पोलो क्लब'ने २०१५ साली प्रसिद्ध केलेला हा खेळ विलक्षण निवांत आहे. कोऱ्या पटावर वर्तुळ, त्रिकोण, चौकोन अशी स्थानके उगवतात. ती आपण रंगीत रेघांनी जोडायची. प्रवासी म्हणजेही इवल्या आकृत्याच. खेळातला आठवडा सरला की नवे इंजिन मिळते. एखाद्या स्थानकावरची गर्दी अनावर झाली की डाव संपतो. कोणी मरत नाही.

पहिले पुस्तक स्टीव्हन जॉन्सन यांचे 'द घोस्ट मॅप', म्हणजे १८५४ च्या लंडनमधील पटकीची कथा. ब्रॉड स्ट्रीटच्या परिसरात सहाशेहून अधिक माणसे दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी चौकशी करून प्रत्येक मृत्यूसाठी नकाशावर त्या त्या घरापाशी एक काळी रेघ मांडली आणि रेघांचा ढीग एका सार्वजनिक पंपाभोवती साचला. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती आणि हे स्नो यांनी स्वतःच नमूद केले आहे. गोष्ट सांगताना हा भाग बहुधा गाळला जातो. माझ्या मनात मात्र राहिली ती दूर हॅम्पस्टेडमध्ये राहणारी एक विधवा. पूर्वी ती ब्रॉड स्ट्रीटवर राहत असे. तिथल्या पाण्याची चव आवडे म्हणून ते रोज मागवून घेई. त्याच पाण्याने ती गेली, आणि तिच्या मृत्यूने स्नो यांचा तर्क भक्कम केला. एकेका माणसाचा माग काढल्यामुळेच तो नकाशा बोलका झाला.

दुसरे पुस्तक चिन्मय तुंबे यांचे 'द एज ऑफ पँडेमिक्स'. त्यातली १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ आपल्या घरची आहे. मराठी मुलखाने तिला नाव दिले 'मानमोडी'. जून १९१८ मध्ये मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर तैनात होता. खरा संहार केला तो सप्टेंबरपासूनच्या दुसऱ्या लाटेने. भारत सरकारचे सॅनिटरी कमिशनर मेजर नॉर्मन व्हाइट यांनी १९१९ च्या अहवालात या प्रसारातील रेल्वेचा वाटा स्पष्टपणे नोंदवला आहे. सर्वाधिक हानी सोसलेल्या प्रांतांत मध्य प्रांत होता.

आता आपला नकाशा पाहा. गोंदिया तेव्हा मध्य प्रांतातील भंडारा जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. बंगाल-नागपूर रेल्वेचा मुख्य मार्ग इथून जाई, पश्चिमेला नागपूर आणि तिथून मुंबई, पूर्वेला रायपूर आणि पुढे कलकत्ता. १९०५ पर्यंत उत्तरेकडे बालाघाट-नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत नॅरोगेज पोहोचली होती आणि दक्षिणेकडचा फाटा नागभीडच्या दिशेने जात होता. चार दिशांच्या रेघा एका ठिपक्यात मिळतात, 'मिनी मेट्रो'त असे स्थानक जमले की मी खूश होतो. गुरुवारी रात्री ते जमले, आणि मी खेळ बंद केला.

त्या वर्षी पावसानेही दगा दिला होता. धान्य महागलेले, आणि धानपट्ट्यात कापणीच्या दिवसांतच घरोघरी अंथरुणे पडलेली. मृत्यूची वर्दी पोलीस ठाण्यात देण्याचे काम गावच्या कोतवालाचे. तो स्वतःच तापाने फणफणला, तर वर्दी कोण देणार? नोंद झालीच तरी बहुतेकदा कारणाच्या रकान्यात नुसता 'ताप'. म्हणूनच देशभरातील मृतांचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत हेलकावतात. १९११ मध्ये २५ कोटी २१ लाख असलेली लोकसंख्या (आजच्या भारताच्या हद्दीपुरती) १९२१ मध्ये २५ कोटी १३ लाख झाली. जनगणनेच्या इतिहासात लोकसंख्या घटल्याचे हे एकमेव दशक.

ही साथ म्हाताऱ्याकोताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीस वयाच्या धडधाकट माणसांवर अधिक तुटून पडली, आणि भारतात पुरुषांहून स्त्रिया अधिक दगावल्या. हे वाचून मी शुक्रवारी आजीला फोन केला. आमचे गाव आमगाव स्थानकापासून दोन कोसांवर. आजी म्हणाली, "माझ्या सासऱ्याची पहिली बायको मानमोडीतच गेली ना. मग त्यांनी दुसरं लगन केलं." माझे आजोबा त्या दुसऱ्या लग्नाचे. पहिलीचे नाव विचारले. आजी बराच वेळ आठवत राहिली. नाव तिने कधी ऐकलेच नव्हते. माहेर बालाघाटकडचे होते, एवढेच तिला ठाऊक.

रविवारी मी जुन्या रेल्वेमार्गांचा कच्चा नकाशा कागदावर काढला आणि आमगावपाशी एक काळी रेघ मांडली. तुमच्या घरात मानमोडीची अशी काही आठवण असेल, तर गाव आणि जवळचे स्थानक जरूर कळवा. नाव ठाऊक असेल तर तेही.