कॉफीच्या वासाचा धूर

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

१६०४ च्या सुमाराची गोष्ट. असद बेग नावाचा एक मुघल अधिकारी विजापूरहून आग्र्याकडे परतला. अकबराचा मुलगा दानियाल याच्यासाठी इब्राहिम आदिलशहाची मुलगी नवरी म्हणून घेऊन यायची, या कामगिरीवर तो दक्षिणेत आला होता. फरिश्ता हा इतिहासकार नवरीसोबत होता. त्यानं लिहून ठेवलंय की लग्न पैठणजवळ, गोदावरीच्या काठी लागलं. आपल्या त्र्यंबकला उगम पावणारी गोदामाई अशी या कथेत येते. लग्नाचं पुढं काही खरं झालं नाही. दानियाल १६०५ मध्ये दारूपायी गेला. पण असद बेगच्या सामानात एक चीज होती, तिनं मात्र उत्तरेत कायमचा मुक्काम ठोकला. ती चीज म्हणजे तंबाखू.

पोर्तुगीजांनी गोव्याच्या बाजूनं ती दक्षिणेत आधीच आणली होती. विजापूरला असद बेगनं ती पाहिली आणि बादशहाला नजराणा म्हणून देण्याजोगी वाटली. त्यासाठी त्यानं जो थाट केला, त्याचं वर्णन त्यानंच केलंय आणि ते वाचताना आजही मजा येते. नळी अचिनची, म्हणजे सुमात्रा बेटावरच्या आचेची, तीन हात लांब, दोन्ही टोकांना जडावाचं आणि मीनाकारीचं काम. तोंडाला लावायला येमेनचा अकीक. पेटवायला सोन्याचं पात्र. आदिलशहानं दिलेली विड्याच्या पानांची सुंदर पिशवी होती, तिच्यात तंबाखू भरली. सगळं चांदीच्या तबकात मांडलेलं, नळीच्या वेष्टणावर जांभळं मखमल.

अकबरानं दोन-तीन झुरके घेतले. हकीम घाबरला, त्यानं आणखी ओढू दिलं नाही. मग दरबारातच वाद सुरू झाला. हकीम म्हणे, आपल्या वैद्यांच्या ग्रंथांत जिचं नाव नाही ती वस्तू बादशहानं का घ्यावी? असद बेग म्हणे, चोपचिनी तरी जुन्या ग्रंथांत कुठं होती? प्रत्येक गोष्ट कधी तरी नवीच असते. बादशहाला हे उत्तर आवडलं, पण तंबाखूची सवय काही त्यानं लावून घेतली नाही. सरदारांनी मात्र लावून घेतली. मागणी वाढली, व्यापारी विकू लागले. त्याच १६०४ साली इंग्लंडचा राजा पहिला जेम्स तंबाखूविरुद्ध पुस्तिका काढत होता. पुढं १६१७ मध्ये जहांगीरनं बंदीचं फर्मान काढलं. त्या फर्मानाचं काय झालं हे आपल्या कोपऱ्यावरची टपरी सांगेल.

मला या कथेत तो येमेनचा अकीक फार महत्त्वाचा वाटतो. कारण तंबाखू पश्चिमेकडून येत होती, त्याच काळात येमेनच्या मोखा बंदरातून दुसरी एक वस्तू जगभर निघाली होती. कॉफी. तिचंही नशीब असंच. १५११ मध्ये मक्केच्या अधिकाऱ्यानं तिच्यावर बंदी घातली, ती कैरोहून उठवली गेली. १६३३ मध्ये इस्तंबूलच्या चौथ्या मुराद सुलताननं कॉफीची दुकानं आणि तंबाखू, दोन्हींवर हत्यार उपसलं. दोन्हींची बैठक एकच, त्यामुळे गुन्हाही एकच ठरला. राज्यकर्त्यांना धुराची भीती थोडी, आणि धुराभोवती बसून लोक काय बोलतात याची जास्त, असं माझं मत.

आपल्याकडे कॉफी कशी आली, त्याची आख्यायिका गोड आहे. सतराव्या शतकात बाबा बुदन नावाचे सूफी हजहून परतताना मोख्याच्या सात बिया लपवून घेऊन आले आणि चिकमगळूरच्या डोंगरात त्यांनी त्या लावल्या, असं परंपरा सांगते. सातच का, असं विचारू नये. आख्यायिकेत आकडा नेहमी सातच असतो. त्या डोंगराला आज बाबाबुदनगिरी म्हणतात आणि दत्तभक्तही तिथं दत्तपीठ म्हणून जातात. म्हणजे विजापूरहून निघालेली तंबाखू आणि चिकमगळूरला रुजलेली कॉफी, दोन्ही परदेशी पाहुण्या आपल्या दख्खनच्याच दारातून आत शिरल्या.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे सिगार. ओळखीच्या एका तरुणानं परवा दुबईहून आणलेली पेटी दाखवली. सौम्य सिगार, कॉफीचा वास मुरवलेला. मी ओढला नाही, नुसता हुंगला. खरंच, भट्टीवरच्या बियांचा वास. तो मुलगा म्हणाला, ‘चाचा, हा हलका आहे, यानं काही होत नाही.’

हलका म्हणजे काय, ते समजून घेण्यासारखं आहे. सिगारच्या झाडाची खालची पानं मवाळ, शेंड्याकडची उन्हं खाल्लेली पानं कडक. खालची पानं जास्त घातली की सिगार सौम्य. पानं ढिगानं रचून आंबवतात, त्यात उग्रपणा बराच निघून जातो. मग कॉफीच्या सान्निध्यात ठेवायची किंवा तिचा अर्क द्यायचा. यात नवं काही नाही. हुक्क्याच्या तंबाखूत गूळ मळून गुडाकू आपल्याकडे फार पूर्वीपासून होतो. मसाले, फळं घालून आंबवलेला खमिरा असायचा. शौकीन लोक हुक्क्याच्या पाण्यात गुलाबजल टाकत. वास बदलला की माणसाला वाटतं वस्तूच बदलली. सिगारचा धूर छातीत ओढत नाहीत हे खरं, पण तो अल्कधर्मी असतो, त्यातलं निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जातं. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. कॉफीनं त्यातलं काही कमी होत नाही. फक्त पहिल्यांदा ओढणाऱ्याला ठसका कमी लागतो, आणि तीच खरी अडचण आहे.

आपल्या भाषेत सिगारला जुना शब्द चिरूट. तो तमिळ ‘सुरुट्टु’वरून आला, म्हणजे गुंडाळी. तिरुचिरापल्लीचे चिरूट इतके गाजले की १८८७ मध्ये शेरलॉक होम्सनं पहिल्याच कथेत राखेवरून ते ओळखून दाखवले. पण आमच्या नाशिककडे सामान्य माणसाच्या हातात चिरूट कधी आला नाही. त्याच्या हातात आली विडी.

विडी हा शब्द विड्याचाच धाकटा भाऊ. पान गुंडाळलं की विडा, त्याची बारीक आवृत्ती विडी. असद बेगनं विड्याच्या पिशवीत तंबाखू भरली होती, हे इथं आठवतं. दसऱ्याला सोनं म्हणून वाटतो त्या आपट्याच्या पानाचीही विडी व्हायची. पुढं टेंभुर्णीच्या पानानं बाजी मारली. स्वदेशीच्या चळवळीत विलायती सिगारेटला उत्तर म्हणून विडीला मान मिळाला. आपल्या जिल्ह्यात सिन्नर हे विडीचं गाव. गोंदेश्वराचं देऊळ बघायला बाहेरचे लोक येतात, पण माळेगाव-मुसळगावला कारखाने येण्याआधी सिन्नरच्या कितीतरी घरांची चूल माग आणि विडी यांवर पेटत होती. भिकुसा विडीचं नाव तिथूनच दूरवर गेलं. तंबाखू निपाणीकडची. त्याच निपाणीत भावासाठी रस्त्यावर बसलेल्या शेतकऱ्यांवर एप्रिल १९८१ मध्ये गोळीबार झाला, माणसं गेली. धुराच्या मागं अशी हकीकत असते.

माझी एक फुपी विड्या वळायची. मांडीवर सूप, त्यात तंबाखू. ओली करून ठेवलेली पानं पत्र्याच्या मापावर ठेवून कातरीनं कापायची, चिमूटभर तंबाखू घालून वळायची, टोक नखानं दाबून आत दुमडायचं, दोऱ्यानं बांधायचं. हजार विड्यांवर मजुरी. दिवसभर मान खाली. संध्याकाळी माल द्यायला गेली की छाट निघायची. ढिली, वाकडी, आखूड म्हणून शेकड्यानं विड्या बाजूला पडत, त्यांचे पैसे नाहीत आणि त्या परतही मिळत नसत. विडी तिनं जन्मात ओढली नाही, पण खोकला ओढणाऱ्याचाच होता. पीठ मळण्याआधी ती राखेनं हात घासायची. तरी तिच्या भाकरीचा पहिला घास कडू लागायचा. आम्हा मुलांना त्याचं काही वाटत नसे. फुपीची भाकरी अशीच असते, असं आम्ही धरून चाललो होतो.

१९६६ मध्ये विडी आणि सिगार कामगारांसाठी संसदेनं कायदा केला. नाव बघा, विडी आणि सिगार एकाच दोऱ्यात बांधले. घरी बसून वळणारीही कामगार आहे, हे त्यात मान्य झालं. १९७६ मध्ये कल्याण निधीचा कायदा आला. दवाखाने, घरं, मुलांना शिष्यवृत्त्या त्यातून मिळाल्या. सोलापूरच्या विडी कामगार बायकांनी तर लढून कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत उभी केली, २००६ मध्ये तिच्या किल्ल्या मिळाल्या. निधीला पैसा पुरवणारा उपकर २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर गेला. १९६६ चा कायदाही नव्या कामगार संहितेत विरघळला. ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली, आणि विडी-सिगारचा एक भाग तिच्यात आहे.

फुपी या सगळ्याच्या आधीच गेली. तिचं सूप सुनेनं तांदूळ पाखडायला घेतलं. धुतलं, उन्हात वाळवलं, शेणानं सारवलं. वास जाईना, तेव्हा पावसाळ्याच्या तोंडी चुलीत घातलं.