पाठचा भाऊ : कुटुंबगाथा आणि मनोरुग्णालय

कुटुंबगाथात्मक कादंबरीचा विषय वरकरणी वारसा हा असतो. घर, पेढी, जमीन, आडनाव यांचे पिढ्यान्‌पिढ्या होणारे हस्तांतर ती सांगते. परंतु अनेक घराण्यांत असेही एखादे माणूस असते, की ज्याच्या हाती कोणी काही सोपवीत नाही; त्याला केवळ सांभाळावे लागते. मनोरुग्ण भावंडाला या वाङ्मयप्रकाराने कोठे जागा दिली, हा प्रश्न म्हणूनच दुय्यम नाही. ती जागा काळानुसार बदलत गेली आणि त्या बदलामागे मनोरुग्णालयांचा इतिहास आहे.

टोमास मान यांची ‘बुडेनब्रोक्स’ (१९०१) ही ल्यूबेक येथील एका व्यापारी घराण्याच्या चार पिढ्यांची कथा. थोरला थॉमस पेढी चालवितो. धाकटा क्रिस्तिआन शरीराच्या तक्रारींत आणि भ्रमांत गुरफटत जातो. थोरल्याच्या मृत्यूनंतर क्रिस्तिआनची पत्नी त्याची रवानगी एका संस्थेत करते. लेखक हे मोजक्या वाक्यांत उरकतो. संस्थेचे दार लागते, आणि कादंबरी उरलेल्यांची हकीकत सांगू लागते. एकोणिसाव्या शतकाने उभारलेल्या संस्थांनी कुटुंबाप्रमाणेच कादंबरीकारालाही ही सोय करून दिली होती.

पुढे ही सोय राहिली नाही. १९५५ साली अमेरिकेतील सरकारी मनोरुग्णालयांत सुमारे ५ लाख ५८ हजार रुग्ण होते. त्याच दशकात क्लोरप्रोमाझीनसारखी औषधे प्रचारात आली. १९६३ साली अध्यक्ष केनेडी यांनी सामुदायिक मानसिक आरोग्यकेंद्रांच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. पुढील काही दशकांत रुग्णसंख्या एक लाखाच्या आत आली. मात्र योजलेल्या केंद्रांपैकी बरीचशी उभीच राहिली नाहीत. भिंती पडल्या ही मुक्ती खरीच. परंतु मुक्त झालेला रुग्ण ज्या दारात येऊन उभा राहिला, ते दार बहुधा आईबापांचे आणि त्यांच्यामागे भावंडांचे होते.

वॉली लॅम यांची ‘आय नो धिस मच इज ट्रू’ (१९९८) ही कादंबरी या दारातून सुरू होते. लॅम मूळचे कनेक्टिकटमधील नॉरिच या गावचे. त्या परिसरातील सरकारी मनोरुग्णालय १९०४ ते १९९६ या काळात चालू होते. कादंबरीतील जुळ्यांपैकी थॉमस काही मिनिटांनी थोरला, तर डॉमिनिक पाठचा. थॉमसला स्किझोफ्रेनिया आहे. १९९० च्या ऑक्टोबरात, आखाती युद्ध टळावे म्हणून, तो सार्वजनिक ग्रंथालयात स्वतःचा हात तोडतो. हात पुन्हा जोडायचा की नाही, हे डॉमिनिकने ठरवायचे असते. भावाची इच्छा प्रमाण मानून तो नकार देतो. पुढे थॉमसला कडक बंदोबस्ताच्या संस्थेतून सोडविण्यासाठी तो झगडतो, सोडवितो. आणि सुटकेनंतर थोड्याच काळात थॉमस बुडून मरतो.

या दोन निर्णयांत कादंबरीचे मर्म आहे. भावाची इच्छा जपावी की भावाचा जीव जपावा, हा पेच येथे सुटत नाही. इटलीहून आलेल्या आजोबांची आत्मकथा वाचताना डॉमिनिकला घराण्यातील उद्दामपणाचा वारसा कळतो. आपला संतापही त्यातूनच आला असावा, हेही उमगते. लॅम यांचा पाल्हाळ आणि शेवटाकडे सगळे धागे जुळविण्याचा अट्टाहास हे दोष मान्य करूनही म्हणावे लागते, की त्यांनी सांभाळणाऱ्याला संत केले नाही. त्याची चीड, लाज, सुटका व्हावी ही गुप्त इच्छा, यांसह त्याचे प्रेम खरे ठरते.

मराठीत ‘देवराई’ (२००४) या सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या चित्रपटाने हीच भूमिका बहिणीकडे दिली. २०१७ च्या भारतीय मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीवर त्याची इच्छा आणि त्याचे हित, दोन्ही लक्षात घेण्याची जबाबदारी टाकली. या दोहोंत विरोध आला म्हणजे काय होते, ते कायद्याच्या कलमात दिसत नाही. त्यासाठी डॉमिनिकजवळ, त्या शस्त्रक्रियागृहाच्या दारात उभे राहावे लागते.