ओव्याचें फूल

पोट दुखूं लागलें म्हणजे मराठी घरांत आधीं ओव्याची बरणी उघडते, वैद्याची आठवण मागाहून होते. या दाण्यांत शेंकडा दोन ते चार भाग उडून जाणारें तेल असतें आणि त्या तेलाचा जवळजवळ निम्मा भाग एका स्फटिकाचा असतो. रसायनशास्त्र त्याला थायमॉल म्हणतें. बाजार त्याला ‘ओव्याचें फूल’ म्हणत आला.

हें फूल झाडावर येत नाहीं. ओवा कांडून पाण्यासह भट्टीवर चढवावा, वाफ निववून वर तरंगणारें तेल काढावें व उथळ भांड्यांत उघडें ठेवावें. पातळ भाग हळूहळू उडून जातो आणि खडे मागें राहतात. एकोणिसाव्या शतकांत शिंद्यांच्या उज्जैनींत व माळव्यांत इतरत्र हा उद्योग चालत असे. युरोपांत १७१९ सालीं नॉयमन या रसायनज्ञानें थाइम नांवाच्या सुगंधी झुडुपाच्या तेलांतून असाच स्फटिक काढला होता. माळव्याचें फूल तें हेंच, हें १८५५ च्या सुमारास स्टेनहाउस व हेन्स यांनीं दाखविलें.

पुढें थायमॉलला जंतुनाशक म्हणून मान मिळाला. १८८० च्या सुमारास इटलींत बोझोलो यानें तें आंतड्यांतील अंकुशकृमींवर दिलें आणि १९०९ नंतर अमेरिकेच्या दक्षिण भागांतील कृमिनिर्मूलनाच्या मोहिमेंत तें मुख्य औषध ठरलें. लक्षावधि अनवाणी माणसांचें रक्त शोषणारा तो रोग; तेव्हां मागणी लहान नव्हती. ती भागवीत होते जर्मन कारखाने, आणि त्यांना दाणा पुरवीत होता हिंदुस्थान. खडे करण्याची कृति ज्या देशाला ठाऊक, त्यानें ओवा पोत्यांनीं विकावा आणि औषध बाटलींतून विकत घ्यावें, हें बोचल्यावांचून राहत नाहीं. तेल काढून उरलेला चोथासुद्धां तिकडच्या गुरांच्या खुराकांत जाई!

१९१४ च्या ऑगस्टांत युद्ध पेटलें व हा मार्ग बंद पडला. इकडे दाण्याचें नेहमींचें गिऱ्हाईक गेलें, तिकडे थायमॉल दुर्मिळ झालें. मग ब्रिटनमध्यें व खुद्द हिंदुस्थानांतही ओव्यापासून तें काढण्याची धडपड सुरू झाली. पण १९२१ सालीं हॉल यानें अंकुशकृमींवर दुसरें औषध पुढें आणलें, आणि कालांतरानें थायमॉल क्रेसॉलपासून कृत्रिम रीतीनें स्वस्तांत होऊं लागलें.

फूल मात्र औषधांच्या दुकानांत टिकलें आहे. कापूर, पेपरमिंटचें फूल व ओव्याचें फूल हे तीन कोरडे पदार्थ एका बाटलींत घालून हलविले, कीं पाण्याचा थेंबही न घालतां त्यांचें पाणी होतें.