कम्युनिटी कॉलेजनंतर कोणती युनिव्हर्सिटी? कॅलिफोर्नियातल्या ट्रान्सफरचं गणित समजून घ्या

पहिली दोन वर्षं घराजवळच्या स्वस्त कम्युनिटी कॉलेजात काढायची आणि तिसऱ्या वर्षी थेट मोठ्या युनिव्हर्सिटीत जायचं. आपल्याकडे हे ऐकायला विचित्र वाटेल, पण कॅलिफोर्नियात हा रुळलेला रस्ता आहे. अभिनेता टॉम हँक्स शॅबो कॉलेजमधून असाच सॅक्रामेंटो स्टेटला गेला. राज्यात अशी ११६ कॉलेजेस आहेत. ॲपलच्या मुख्यालयाजवळचं क्युपर्टिनोचं डी अँझा त्यांपैकीच एक.

आता खरा प्रश्न, पुढे जायचं कुठे?

बहुतेक जण रँकिंग उघडून बसतात. खरं तर आधी उघडायला हवी ती 'असिस्ट' नावाची सरकारी वेबसाइट. तुमच्या कॉलेजातला कोणता कोर्स कोणत्या कॅम्पसवर कशाच्या बदली धरला जातो, हे तिथे विषयानुसार दिसतं. एकाच विषयासाठी बर्कली एक यादी मागतं, तर डेव्हिस दुसरी. हे उशिरा कळलं की राहिलेले कोर्स तिसऱ्या वर्षी करावे लागतात, डिग्री लांबते आणि ती फी युनिव्हर्सिटीच्या दराने भरावी लागते. ट्रान्सफर करून वाचवलेले पैसे इथेच जातात. म्हणून कॅम्पसची निवड दुसऱ्या वर्षी नाही, तर पहिल्याच टर्ममध्ये सुरू करावी लागते.

त्यानंतर येते हमी. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया म्हणजे यूसीचे पदवीचे ९ कॅम्पस आहेत. त्यातले डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे ६ 'टॅग' देतात. म्हणजे ठरलेले कोर्स आणि ग्रेड पूर्ण केले की प्रवेश पक्का. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो ही सोय देत नाहीत. शिवाय कॉम्प्युटर सायन्स, इंजिनिअरिंग यांसारखे गर्दीचे विषय काही कॅम्पसवर टॅगमधून वगळलेले असतात. नेमके आपल्या पोरांना हवे असलेले!

दुसरी व्यवस्था कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीची, म्हणजे सीएसयूची. २०१० च्या कायद्याने ट्रान्सफरसाठीची खास असोसिएट डिग्री आली. ती घेतली की सीएसयूमध्ये जागा मिळते, पण हव्या त्याच कॅम्पसवर मिळेल असं नाही.

भारतातून स्टुडंट व्हिसावर गेलेल्यांचा हिशोब वेगळा. त्यांना राज्याबाहेरच्यांची जादा फी लागते आणि यूसीसाठी किमान जीपीए २.४ ऐवजी २.८ लागतो.

टॅगचा अर्ज सप्टेंबरमध्ये भरायचा असतो आणि तोही एकाच कॅम्पससाठी. डेव्हिसचा टॅग भरला म्हणून बर्कलीचा दरवाजा बंद होत नाही, तिथेही नेहमीचा अर्ज करता येतो. फक्त ऑक्टोबरपासून सुरू होणारा यूसीचा मुख्य अर्ज डेव्हिससाठीही भरायचा राहिला, तर हातातली हमी जाते.