धालो

गोव्यातील स्त्रियांचा, मुख्यतः पौष महिन्यात होणारा विधिनृत्यगीतांचा उत्सव. लगतच्या सिंधुदुर्गातही तो आढळतो. तोवर खरिपाचे भात घरात आलेले असते, रात्री मोठ्या असतात. जेवणे आटोपून बायका गावच्या ‘मांडा’वर जमतात. मांड म्हणजे परंपरेने ठरलेले, पवित्र मानलेले अंगण. ते शेणाने सारवून दिवा लावतात आणि धरित्रीमातेला व गावच्या देवतांना नमन करून धालो सुरू होतात. किती रात्री खेळायचे ते गावागणिक ठरलेले. कुठे ५, कुठे ७, कुठे ९.

ढोलताशांवर शिगमा घुमवणाऱ्या आणि घुमट या मातीच्या तालवाद्याच्या साथीने आरत्या म्हणणाऱ्या गोव्यात धालोंना मात्र एकही वाद्य नसते. समोरासमोर दोन रांगा, साधारणपणे एकेकीत १२ जणी, हात गुंफून उभ्या राहतात आणि कमरेत वाकत पुढे-मागे सरकतात. एका रांगेने ओळ म्हणायची, दुसरीने ती उचलायची. दुसरी गात असेपर्यंत पहिलीला दम घेता येतो. जिला गाणे पाठ नाही तीही ऐकत ऐकत सामील होते. ठेका पावलांचा. चाल संथ, मोजक्या स्वरांत फिरणारी. बसून ऐकणाऱ्याला ती एकसुरी वाटेल खरी, पण चढ्या चालीवर इतका वेळ गाणे कुणाच्या गळ्याला झेपणार?

गीते कोकणी आणि मराठी, पुष्कळशी ओवीच्या वळणाची. त्यांत रामायण-महाभारतातील प्रसंग येतात, तसे सासर-माहेर आणि रानही. मग फुगड्यांची लय चढते. शेवटच्या दिवशी बायका सोंगे काढतात, पुरुषवेषही घेतात. काही ठिकाणी अंगात येते. अशा स्त्रियांना ‘रंभा’ म्हणतात. पुरुषांना या खेळात भाग नाही.

गोव्याच्या धर्मन्यायालयाने (इन्क्विझिशन) १७३६ मध्ये काढलेल्या फर्मानात ख्रिस्ती झालेल्यांच्या लग्नांतील ओव्यांवरही बंदी घातली होती. फोंडा, सत्तरी, डिचोली, पेडणे, काणकोण हे धालोंचे जोमदार तालुके मात्र नव्या काबिजादीतले, म्हणजे पोर्तुगीजांनी नंतर मिळवलेल्या मुलखातले. पोर्तुगीज सत्ता तेथे १८ व्या शतकाच्या उत्तरार्धात पोचली, तेव्हा धर्मांतराचा जोर ओसरला होता, म्हणून तेथे धालोंना अशा बंदीची झळ कमी बसली असावी.

अलीकडे धालो महोत्सवांतून रंगमंचावर येतात. तेथे काही मिनिटांत सारे आटोपावे लागते, कधी घुमट-हार्मोनियमची साथ जोडली जाते आणि चाल जलद होते.